कोपरा फाटलेलं कार्ड: बेलापूर ते पाथर्डी, दोनदा

मी निघालो तो रागाच्या भरात. सत्तर-एकाहत्तरच्या हिवाळ्यातली गोष्ट. नगरमध्ये मी एका कचेरीत कारकुनी करायचो आणि फावल्या वेळात मनुष्यस्वभावावर निबंध लिहायचो. वय तीस, लग्न नाही, खोलीत पुस्तकं उदंड. शेजारच्या टेबलावर बसणारा माझा मित्र वसंता एक निबंध वाचून म्हणाला, "छान आहे रे, पण तू शेवटचा कुणाशी बोललास कधी? चहावाला सोडून." मला ते फारच झोंबलं. त्याच दिवशी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज खरडला. ठरवलं की आधी जिल्ह्याची हिरवी बाजू बघायची, मग कोरडी, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं. वाचकहो, हे असं ठरवून बोलायला निघालेला माणूस किती तापदायक असतो ते पुढे येईलच.

पहिल्या दिवशी सकाळची एस.टी. पकडून राहुरीवरून श्रीरामपूर आणि तिथून टांग्याने बेलापूर. तिकीट दोन-तीन रुपयांच्या आत होतं, खिडकीची काच मात्र नव्हती, त्यामुळे उतरलो तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या. आज तुम्ही याच रस्त्याने दोन तासांत जाल आणि धूळही खाणार नाही. पण राहुरी मागे पडल्यावर एकाएकी दोन्ही बाजूंना ऊस उभा राहतो, पाटाचं पाणी दिसायला लागतं, हवा गार होते, ते अजून तसंच आहे. बेलापूरच्या बाजारात भजी खाल्ली, वर मिरची चावली आणि डोळे पुसत प्रवरेकडे चालत सुटलो.

नदीअलीकडच्या फडात ऊसतोड चालली होती. कडेला पाचटाच्या कोपी, म्हणजे तोडकऱ्यांची बसकी खोपटं. सोपान नावाचा पंचविशीतला तरुण गाडी भरत होता. मी पाथर्डीकडे जाणार आहे हे कळताच त्याने हातातली मोळी खाली टाकली.

"दादा, आमी तिकडचंच. लिवता येतं न्हवं तुमाला? आईला कळवायचं हाय. नऊ दिस झाले, पोरगा झालाय मला."

कोपीच्या आतून बाळाने लगेच साक्ष दिली. मी पिशवीतलं कोरं पोस्टकार्ड काढलं आणि मांडीवर ठेवून लिहायला बसलो. तो सांगत गेला: सगळी खुशाल हायती, पोराचं नाक तुज्यावर गेलंय, जेवन येळेवर करत जा. लिहून झाल्यावर त्याने कार्डाच्या माथ्यावर बोट ठेवलं.

"हितं शिरी न्हाई काढली?"

"त्याची काही गरज नसते, सोपान. मजकूर महत्त्वाचा." मी त्या काळात फार पुरोगामी होतो. आपण शिकलेल्या माणसाला काय शिकवणार, अशा चेहऱ्याने त्याने मान हलवली आणि वाटेत खायला म्हणून उसाचं कांडं दिलं.

दुसऱ्या दिवशी नगरला गाडी बदलून पाथर्डीची एस.टी. धरली. करंजीचा घाट चढताना मला एक विचार सुचला. वही पिशवीच्या तळाशी, पिशवी वर टपावर. हाताशी खिशातलं कार्ड तेवढं होतं. मी त्याचा कोरा कोपरा अलगद फाडला, त्यावर विचार टिपला आणि स्वतःवर खूश होऊन बाहेर बघत बसलो. तो विचार काय होता, देवाशपथ आठवत नाही.

पाथर्डीपासून दोन कोस चालायचं होतं. काढलेल्या ज्वारीचे सड, बाभळी, आणि लांबवर एखादी शेळी. घराघरांना कड्या घातलेल्या, कारण हाती कोयता धरू शकणारी माणसं तोडीला गेलेली. सोपानची आई काशीबाई लिंबाखाली वाळवण राखत बसली होती. साठीची, बारीक, ताठ. मी म्हणालो, "बेलापूरहून आलो, सोपाननं पत्र दिलंय." तिने लुगड्याला हात पुसून दोन्ही हातांनी कार्ड घेतलं.

तिला अक्षरओळख नव्हती. पण कार्डात दोन गोष्टी बघायच्या, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. माथ्यावर श्री आहे का, आणि कोपरे चार आहेत का. आजच्या वाचकांसाठी सांगतो, मयताचं कार्ड असलं की त्यावर श्री काढत नसत आणि एक कोपरा फाडून पाठवत. असं कार्ड कुणी घरात नेत नसे. काशीबाईने ते उंबऱ्याबाहेर दगडावर ठेवलं, हळूच, आणि म्हणाली, "कवा गेला?"

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. माझ्या वडिलांच्या वेळी अशी चाळीस कार्डं मी स्वतः फाडली होती. माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. मी कार्ड उचलून भराभर वाचून दाखवलं. सोपान ठणठणीत आहे, मुलगा झालाय, नाक तुमच्यावर गेलंय. ती ऐकत राहिली आणि मग तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"ग्वाड बोलतूस लेकरा. म्हातारीला एकदम कसं सांगावं, व्हय ना?"

मी कोपरा दाखवला, त्यावरचं माझं अक्षर दाखवलं. तिच्यासाठी सगळी अक्षरं सारखीच. कार्डावर श्री काढली. "आता काढतूस व्हय?" ती म्हणाली, तेही मायेनंच. शेवटी धावत जाऊन गावच्या शाळेतल्या मास्तरांना आणलं. मास्तर ख्रिस्ती, उभ्या गावात त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी सावकाश, एकेक शब्द वाचला.

"मास्तर, तुमी बी?" एवढंच म्हणून ती भिंतीला टेकून बसली. रडली नाही. "सुनंजवळ कोन हाय तितं?" असं एकदा विचारलं. चुलीवर शिजत असलेली आमटी तिने उतरवून ठेवली आणि चूल विझवली.

मास्तरांच्या घरी मुक्काम केला. ते म्हणाले, "तिला आता कागद नको. तोंड दाखवा त्याचं, न्हाईतर ती अन्नाला शिवायची न्हाई." माझे निबंध सांगत होते की माणूस आपल्याला हवं ते खरं मानतो. इथे एक आई जगात सर्वात नको असलेली गोष्ट खरी मानून बसली होती आणि हवी ती गोष्ट तीन-तीनदा सांगूनही घेत नव्हती. मला माझी लाज वाटली, आणि तिची भीतीही.

तिसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने उलटा प्रवास. घाट, नगरचा स्टँड, राहुरी, ऊस. बाहेर बघितल्याचं काही आठवत नाही, म्हणून त्या दिवसाचं वर्णन विचारू नका. फडात पोचून मी सोपानला सगळं सांगितलं, काही न लपवता. त्याने कोयता गाडीत ठेवला.

मुकादम तडकला. "एका कार्डापायी गाडी उभी ऱ्हानार व्हय?"

कोपीतून सोपानच्या बायकोचा आवाज आला, "जाऊ द्या त्यास्नी. म्या हाय हितं."

वाटेत तो माझ्याशी एकच वाक्य बोलला. "सांजच्याला ती जेवली हुती का?" मी नाही म्हणालो. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पाथर्डीला पोचेपर्यंत दिवस मावळला, तेव्हा स्टँडवरच अंग टाकलं आणि उजाडताच चालायला लागलो.

काशीबाई त्याच लिंबाखाली होती. तो दिसला तरी ती उठली नाही. तो जवळ जाऊन बसला तेव्हा तिने त्याचं तोंड चाचपलं, खांदे चाचपले, मग फाडदिशी एक थप्पड लगावली आणि त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. मी बाभळीकडे बघत उभा राहिलो. मागून तिचा आवाज आला.

"नाक कुनावर गेलंय म्हनलास?"

"तुज्यावर."

"मग बरं हाय."

तिने चूल पेटवली. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा. मलाही ताट वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. आता तिला कळलं होतं की मी दयाळू खोटारडा नव्हतो. निघताना सोपान वेशीपर्यंत आला, ती दारातच थांबली.

कचेरीत मी एक दिवस उशिरा हजर झालो आणि साहेबांची बोलणी खाल्ली. वसंताला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला आणि समजूत काढत म्हणाला, "जाऊ दे रे. तुझ्या मनात तर काही नव्हतं ना?" चांगला माणूस होता तो. पुढे आयुष्यभर अनेक चांगली माणसं मला हेच म्हणाली, आणि मीही अनेकांना म्हणालो असेन.

त्या दिवशी दारात वाकून नमस्कार करताना मीही काशीबाईला तेच म्हणालो होतो. "आई, चुकलं माझं. पण माझ्या मनात काही नव्हतं हो."

तिने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच न्हवते तुज्या मनात."