आवाज काढून घ्यायचा का काढून टाकायचा?

किस्से काय कुणी बोलवून येतात का! दाळमिलच्या मागच्या भिंतीला भुसा लागतो, तसे लागतात. टाकताना कुणी दिसत न्हाई, अन् वारं सुटलं की सगळ्या गल्लीभर! आमच्या लातूरच्या घरात पुढच्या खोलीत सुनेचा कंप्युटर हाय, तिथं असाच ढीग लागलाय. मंजू, माझी सून, घरी बसून टायपिंगचं काम करते. एकदा तिनं कुणाला तरी व्हिडिओतला नुस्ता आवाज बाजूला काढून दिला, अन् बोभाटा झाला, "मंजूवहिनी आवाज काढून देते!" तवापासून दुपारची जेवणं झाली की आमच्या दाराशी चपलाच चपला.

माझं अंथरूण त्याच खोलीत. खिडकीला हिरवा पडदा, वर पंख्याची घरघर. डोळा लागतो न लागतो तोवर स्पीकरमधून कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाच्या दारातली कोंबडी. कोणतं कानानं ऐकलं अन् कोणतं सपनात, ते मला काई वेगळं करून सांगता यायचं न्हाई. वेगळं करायचं काम मंजूचं!

*

सगळ्यात पहिल्यांदा तिनं आमच्या भजनाचा आवाज काढला, मला पडल्या पडल्या ऐकायला. मी घाबरलेच. माझ्या माहेरी तेलघाणा होता. तेल काढलं की खाली पेंड उरते, कोरडी ठाक. मी म्हणलं, "मंजे, अगं आवाज काढलास, आता त्या व्हिडिओतल्या बाया मुक्या झाल्या की!"

"न्हाई हो आत्या."

"टाळ वाजवीत बसतील बिचाऱ्या, अन् तोंडातून शब्द न्हाई!"

तिनं व्हिडिओ लावून दाखवला. बाया गातच होत्या, पहिल्यावानी, माना डोलवून. मी दोन्हीकडं कान दिला. हिकडं बी गाणं, तिकडं बी गाणं. तेल बी निघालं अन् शेंग बी भरलेली!

"मंजे," मी म्हणलं, "असा घाणा माझ्या बापाला घावला असता, तर बैलानं तरी बिचाऱ्यानं बसून खाल्लं असतं!"

*

अन् ह्याच घाण्यावर माझ्या धाकट्या बहिणीचं काम येऊन पडलं.

काशीला दिलंय हदगावकडच्या एका खेड्यात. उन्हाळ्यात तिच्या मालकांना, म्हंजे आमच्या पाव्हण्यांना, लकवा झाला. हातपाय हळूहळू वळणावर आले, पण वाचा गेली ती गेली. अंगणात बाजेवर बसतात, बघतात, हसतात बी. शब्द न्हाई. डॉक्टर म्हणतात, येईल न्हाईतर न्हाई येणार.

अन् तिकडं म्हैस हटून बसली. चांदणी तिचं नाव. पाव्हणे धार काढताना तिच्याशी बोलायचे. ते बोलणं बंद झालं अन् तिनं पान्हा सोडणं बंद केलं. तिचं रेडकू, ती वगार, कासेला लावून बघितली. सरकी घालून बघितली. वास ओळखून तरी सोडील म्हणून काशीनं पाव्हण्यांचा सदरा अंगात घालून बघितला. म्हशीनं लाथ मारली!

लेक नांदेडला असतो. तो म्हणला, "आई, विकून टाकू. मी गिऱ्हाईक बघतो."

काशी मला फोनवर म्हणली, "अक्का, त्यांचा आवाज गेला. म्हैस बी गेली, तर ते दिवसभर बघतील कुणाकडं?"

मंजूनं माझ्या हातातून फोन घेतला. "मावशी, कुठल्या बी व्हिडिओत काकांचा आवाज असंल तर धाडा. मी काढून देते. तो लावून धार काढा."

लेकानं गिऱ्हाइकाला थांबवलं अन् मोबाईल धुंडायला बसला. पण पाव्हण्यांचा सोभावच कमी बोलायचा. बोलायचे ते म्हशीशी, माणसांशी फारच कमी. रोज एकेक व्हिडिओ येई. मंजू बघायची अन् मान हलवायची. "आत्या, काकांनी फेटा बांधलाय, विडा खाल्लाय, वरातीत नाचलेत बी. बोलले मात्र न्हाईत!"

*

कोपऱ्यावर मन्मथअप्पांचं किराणा दुकान हाय. कपाळाला भस्माचे पट्टे, अन् बोलणं काट्यावर तोलून द्यावं तसं. एक दिवस पेनड्राईव्ह घेऊन आले. "सूनबाई, आमच्या धाकट्याच्या लग्नाचा व्हिडिओ हाय. त्यातला मंगलाष्टकाचा तेवढा आवाज काढून द्या."

मंजूनं काढून दिला. दुसऱ्या दिवशी अप्पा परत हजर.

"सूनबाई, चित्र कुठं गेलं? ह्यात नुस्ता आवाजच हाय!"

"अप्पा, तुम्हीच म्हणलात की, आवाज काढून द्या."

"अहो, काढून म्हंजे काढून टाका! मंगलाष्टकं चालू असताना आमची बहीण अन् आमची विहीणबाई मानपानावरून भांडून राहिल्यात. व्हिडिओ सगळ्या सोयऱ्यांत वाटायचाय. ते भांडण काढायचं होतं, अन् तुम्ही नेमकं भांडणच काढून दिलं!"

मी पडल्या जागी तोंडात पदर कोंबला. मंजू ओशाळली. "द्या अप्पा, आत्ता उलटं करून देते."

पण अप्पा पेनड्राईव्ह सोडीनात. खुर्चीवर बसले, खाली मान घालून. मग हळूच म्हणले, "घरी सगळ्यांनी बसून ऐकलं. इतके दिवस ध्यान नुस्तं चित्रातल्या हातवाऱ्यांकडं जायचं. काल चित्र न्हवतं, तवा पहिल्यांदा शब्द ऐकू आले. सूनबाई... विहीणबाईचंच बराबर हाय हो!"

त्या दिवसापासून मंजू दारातच विचारते, "काढून घ्यायचा का काढून टाकायचा?"

*

वरच्या खोलीत अहमदपूरची पूजा राहते. क्लाससाठी आलीय. बघून बघून डोळे दुखतात म्हणून तिनं सरांच्या व्हिडिओंचा आवाज काढून मागितला. मंजूनं काम लावलं अन् मी पडले ऐकत. सरांचा आवाज लई गोड, झोपाळ्यावर बसल्यासारखा.

"हे बघा, हे इकडून आलं. ते तिकडं गेलं. ह्याला मधून कापलं. आता हे एकटंच राहिलं. अन् शेवटी ह्याच्या हाती काय आलं? शून्य!"

अर्धवट झोपेत माझ्या डोळ्याला धार लागली. उठूनच बसले. "कोणत्या गावची वाटणी गं ही? एकट्याच्या हाती शून्य ठेवणारे ते भाऊ म्हणावं का वैरी?"

"आजी, गणित हाय हो ते! सर फळ्यावर दाखवून राहिलेत, हे अन् ते!"

बोलता बोलता पूजानं कपाळाला हात लावला. फळा तर व्हिडिओतच राहिला होता!

जिन्यावरून परत खाली वाकून म्हणली, "आजी, खरं सांगू? फळ्यासगट बघितलं तवा मला काईच कळलं न्हवतं. आज निदान वाटणी झाली एवढं तरी कळलं."

*

मागच्या घरातल्या नूरभाभीची लेक हैदराबादला दिली. लेक रोज काम करता करता मोबाईल समोर ठेवून मायला व्हिडिओ धाडते. भाभी तसला एक घेऊन आली.

मंजूनं विचारलं, "भाभी, बोलणं साफ करून देऊ का? मागं लई खडखड हाय."

"नक्को बेटी. बातां सब काट देव. पिच्छू चुड्यां बजरे ना, वो रैने देव."

आम्ही दोघी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. भाभी पदराशी चाळा करीत म्हणली, "बातां का क्या है? मैं अच्छी हूं अम्मा, मैं अच्छी हूं अम्मा. चुड्यां झूट नै बोलते."

मंजूनं बोलणं वेचून वेचून काढलं. मग उरलेलं लावलं. पोळपाटावर लाटणं फिरत होतं अन् बांगड्या वाजत होत्या. छुन्, छुन्, छुन्. खोलीत दुसरं काईच न्हाई. पंखा बी गप झाल्यासारखा. मला तर कुणाच्या तरी सैपाकघरात पाटावर बसल्यासारखं वाटलं, चुलीजवळ, ऊब लागत होती.

भाभी डोळे मिटून ऐकत होती. एकदम डोळे उघडले अन् हसली.

"रोट्यां जल्दी जल्दी कर रई. घर में मेहमान आये दिसते!"

*

एकदा कुणाच्या तरी हळदीची गाणी चालली होती. लई छान. पण मधीच एक बाई घुसायची. सूर न्हाई, ताल न्हाई, बाकीच्यांच्या आधी सुरू अन् बाकीच्यांच्या नंतर बंद.

मी म्हणलं, "मंजे, ही कोण गं भसाडी? सोन्यासारख्या गाण्याची माती करून राह्यली."

मंजूनं चित्र माझ्याकडं फिरवलं. हिरवं लुगडं, नथ, अन् तोंड हे एवढं उघडलेलं. मीच!

मंजूनं माऊसवर हात ठेवला अन् अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "आत्या, काढून घ्यायचा का काढून टाकायचा?"

*

पाव्हण्यांचा आवाज शेवटी घावला.

मागच्या दिवाळीत पाडव्याला चांदणीची शिंगं रंगवली होती. नांदेडच्या लेकाच्या लहानगीनं त्याचा व्हिडिओ काढला होता. त्यात शिंगं, शिंगं अन् शिंगंच. पाव्हणे कुठंच न्हाईत. म्हणून कुणी तो धाडलाच न्हवता. मंजूनं हेडफोन कानाला लावला अन् हात वर केला. शिंगांच्या खाली, कुठंतरी कासेपाशी, हळू आवाज होता.

"हो माय... हो माय... सोड गं राणी, सोड गं..."

मंजूनं पोरीची बडबड काढली, फटाके काढले, कुत्र्याचं भुंकणं काढलं. उरला तेवढा तुकडा पुन्हापुन्हा वाजंल असा जोडला. काशीचा फोन बटणाचा, त्यात चित्र चालत न्हाई, गाणी चालतात. मंजूनं आवाज नांदेडला धाडला, लेकानं तो मेमरी कार्डात भरून गावाकडं नेला.

काशीनं फोन गोठ्यातल्या खुंटीला टांगला. आवाज सुरू झाला. तिनं सांगितलं ते असं: आधी चांदणीचे कान उभे राहिले. मग तिनं फोनकडं बघितलं. मग मान वळवून अंगणातल्या बाजेकडं बघितलं. लई वेळ बघितलं. अन् मग सोडला गं पान्हा! बादली वाजली तसं काशी रडायलाच लागली.

मी विचारलं, "अन् पाव्हणे?"

"ते ऐकत होते. कुणी ओळखीचं माणूस दारात यावं अन् नाव आठवू नये, तसं."

गिऱ्हाइकाला न्हाई म्हणून सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ गोठ्यात फोन वाजायचा, अन् रोज पाव्हणे बाजेवर बसून स्वतःला ऐकायचे.

परवा दिवेलागणीला काशीचा फोन आला. "अक्का, मंजू हाय का घरात? तिला विचार, त्या फाईलीत शेवटाला 'बास की गं, वगारीला ऱ्हाऊ दे' असं हाय का?"

"का गं?"

"आता मी धार काढून राहिले होते. फोन चालूच होता. मधीच ह्यांचा आवाज आला, बास की गं, वगारीला ऱ्हाऊ दे. मी उठले, वगार सोडली, बादली घेऊन आत आले. जन्मभर तेच करत आले, ध्यानातच आलं न्हाई. दूध उतू गेलं तवा ध्यानात आलं. रोज तर नुस्तं 'सोड गं, सोड गं' एवढंच असतं ना?"

मंजूनं फाईल उघडली. कानाला हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. पुन्हा ऐकली. मग जुना पुरा व्हिडिओ बी ऐकला, पोरीच्या बडबडीसगट.

"आत्या," ती म्हणली, "न्हाई ह्याच्यात."

मी फोन तिच्या तोंडाजवळच धरला होता. काशीनं ते ऐकलं. मला तिकडून म्हशीच्या गळ्यातली घंटी ऐकू येत होती, मधी मधी, सावकाश. काशीच्या पायातली जोडवी फरशीवर वाजली, मग मातीत बंद झाली. अंगणात आली असावी.

मग ती बोलली. पण माझ्याशी न्हाई, फोन तोंडापासून लांब धरून.

"अहो... आणखीन एकदा म्हणा की."