पावपट ऊब

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हीटरमावशी एका इस्त्रीच्या कॉइलला मीटरच्या पिना लावून बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. परदेशात नोकरी करणारी त्यांची मुलगी होती. तिकडे आदली रात्र.

"आई, तुझा हीटर रुसलाय. नुसता कोमट होतो. इथे बोटं वाकेनात."

मावशींनी पिना खाली ठेवल्या. नवरा गेल्यावर दुरुस्तीचं दुकान त्यांनी एकटीने चालवलं. "बाईमाणसाला शॉक लागेल," म्हणणारेच पुढे इस्त्र्या घेऊन रांगेत उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी मुलगी निघाली, तेव्हा त्यांनी स्वतः गुंडाळलेला हीटर तिच्या बॅगेत घातला होता. आधीच्या खोल्यांत घराचीच गरम हवा असे, त्यामुळे तो खोक्यातच राहिला. मागल्या महिन्यात तिने खोली बदलली आणि तो बाहेर निघाला.

"तुझ्या किटलीच्या बुडाशी व्होल्ट किती लिहिलेत?"

"एकशेवीस."

मावशींनी कपाळावर हात मारला. हीटरवर त्यांनी 'तीन अँपिअर' एवढंच लिहिलं होतं. एकतीस वर्षांत व्होल्ट कधी लिहिलेच नव्हते. गल्लीत सगळ्यांच्या घरी दोनशेचाळीसच, लिहायचे कशाला?

त्यांनी पुठ्ठ्यावर मांडलं. २४० भागिले ३, म्हणजे ८० ओहम. तार तीच, म्हणून विरोधही तोच. १२० भागिले ८०, दीड अँपिअर. १२० गुणिले दीड, १८० वॅट. इथे तो ७२० देत होता.

"अर्धे व्होल्ट, म्हणून अर्धी ऊब?" मुलीने विचारलं.

"अर्धी कुठली, पाव! व्होल्ट निम्मे झाले की करंटही निम्मा होतो. दोन्हींकडून मार."

"मग राहू दे. हीटरच्या निमित्ताने तरी सुट्टीत घरी येते. तूच नीट करून दे."

तीन वर्षं ही सुट्टी पुढे सरकत होती. हीटरमध्ये चाळीस चाळीस ओहमच्या दोन दांड्या होत्या, एकीपुढे एक जोडलेल्या. मधली पट्टी काढून त्या शेजारी शेजारी जोडल्या की विरोध वीस ओहम, करंट सहा अँपिअर आणि वॅट पुन्हा ७२०. दहा मिनिटांचं काम, मुलीला लहानपणापासून येणारं. सांगितलं नाही, तर ती येईल. सुट्टीला अजून अडीच महिने होते.

"आई, आहेस ना?"

"आहे. बोटं फार गारठतात का गं?"

"रात्री मोजे घालते हातांत. हसू नकोस."

"यायची गरज नाही," मावशी म्हणाल्या. "हीटरसाठी, म्हणते मी. तिथेच होईल. वायर सहा अँपिअर सोसते, मीच टाकलीय. स्क्रूड्रायव्हर आहे?"

"शेजारणीकडे आहे. उद्या आणते. मग सुट्टीचं बघू, हं."

"बघ."

मावशींनी कॉइल पुन्हा हातात घेतली. आधीचा आकडा विसरला होता, परत मोजला.

उद्या मुलगी फोन स्पीकरवर ठेवून, प्लग काढून, हीटरचे चार स्क्रू सोडवणार आहे. त्यासाठी दुकान दहाऐवजी साडेनऊला उघडेल.