कोरडं पेट्रोल

"घाई आहे? मग उद्या या."

आमच्या शेजारच्या काकांचं हे ठरलेलं वाक्य. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस राहून गेला असेलच. दारात कुणी बिघडलेला मिक्सर घेऊन उभा असो, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या पंपाची तक्रार घेऊन, काका चष्म्यावरून बघायचे आणि हेच म्हणायचे. दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचं काम मात्र चोख व्हायचं. एकदा काकूंनी स्टोव्ह पेटत नाही म्हणून हाक मारली, तर त्यांनाही हेच ऐकावं लागलं. त्या दिवशी काकांना जेवणही उद्याच मिळालं.

वाशीत तेव्हा आमची बैठी घरं होती आणि मागे खाडीपर्यंत मोकळं रान. काका ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर होते. पण त्यांचा खरा जीव अडकला होता मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे ते जुने चेनसॉ दुरुस्त करायचे. पेट्रोलवर चालणारी, दातेरी साखळी गरगर फिरवणारी ही करवत आमच्यापैकी कुणी आधी पाहिलेलीही नव्हती. मोडीत काढलेल्या जहाजांवरून, लाकडाच्या वखारींतून ती भंगारात यायची. काका ती घरी आणून खिळान् खिळा सुटा करायचे, रॉकेलमध्ये बुडवायचे आणि मग महिनोन् महिने एकेका भागाच्या मागे लागायचे.

त्यातला एक मोठा, लाल रंगाचा चेनसॉ त्यांनी तीन वर्षं खपून उभा केला होता. त्याचा पिस्टन कुठेच मिळेना, तेव्हा दुसऱ्या कसल्याशा इंजिनाचा पिस्टन आणून ओळखीच्या लेथवाल्याकडून घासून मापाचा करून घेतला. दर रविवारी दहा वाजता ते हा चेनसॉ पाच मिनिटं चालवायचे. सगळ्या वसाहतीच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. खाडीवरच्या गावातले कोळी म्हणायचे, या काकांपायी मासे पार उरणला पळाले.

चालवण्याआधीचा त्यांचा एक विधी असायचा. या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं, नाहीतर पिस्टन तापून जागीच चिकटतो. म्हणून काका डब्यातल्या पेट्रोलमध्ये बोट बुडवायचे आणि अंगठ्यावर चोळून बघायचे. बुळबुळीत लागलं तर टाकीत ओतायचे. नाहीतर "कोरडं आहे" म्हणून बाजूला ठेवायचे. चाचणी झाली की टाकी आणि डबा दोन्ही पुरती रिकामी करायचे, कारण घरात पेट्रोल ठेवायला सेक्रेटरींची मनाई होती.

त्या वर्षी काकांना एक संधी आली होती. अग्निशमन दलाचे एक साहेब सोमवारी येऊन हा चेनसॉ बघणार होते. तासभर न थांबता चालला, तर त्यांच्याकडच्या सगळ्या करवतींची दुरुस्ती काकांकडे येणार होती. कारखान्यातल्या वाफांनी काकांची छाती धरली होती. तो रोजचा खोकला सोडून आपल्या शेडमध्ये बसायची त्यांना केवढी आस होती, ते मला ठाऊक होतं.

आदल्या दिवशी, रविवारी, चाचणी आटोपून काका हात धूत होते. तेवढ्यात खाडीवरचा एकजण सायकल आपटत आला.

"काका, तुमची ती करवत घ्या! धर्मा दबलाय! भरती लागलीय!"

त्याने धापा टाकत सांगितलं ते असं. ओहोटीला गावातला तरुण कोळी धर्मा आणि आणखी काहीजण होडी चिखलात कलती करून तिचा तळ खरवडत होते. टेकू निसटला. होडी एका जाड ओंडक्याच्या टोकावर बसली आणि ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाखाली धर्माचा पाय सापडला. होडी हलत नव्हती, आणि भरतीने ती तरंगेपर्यंत धर्मा बुडाला असता. ओंडका निम्मा चिखलात, त्यामुळे हातकरवत फिरत नव्हती. आणि पाणी चढत होतं.

काका "उद्या या" म्हणाले नाहीत. त्यांनी चेनसॉ उचलला आणि सायकलवर मागे बसता बसता मला ओरडून सांगितलं, "तुझ्या गाडीतलं पेट्रोल काढ. खिडकीत तेलाची बाटली आहे. दोन टोपणं घाल, हलव आणि ये!"

मी मोटरसायकलला नळी लावली, पेट्रोल ओढलं, तोंडात गेलं ते थुंकलो, डबा भरला, झाकण लावलं आणि सुसाट निघालो. माझ्या गाडीच्या इंजिनात तेल वेगळं भरलेलं असतं, पेट्रोलमध्ये ते घालायची माझ्या हाताला सवयच नव्हती. बाटली खिडकीत राहिली, हे मला खाडीचा बांध उतरताना आठवलं.

परत जाऊन यायचं तर वीस मिनिटं. मी चिखलात उतरलो आणि धर्मा दिसला. तो पाठीवर पडला होता. पाणी त्याच्या बरगड्यांपर्यंत आलं होतं. त्याची आई पाण्यातच बसली होती, त्याचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून. काठावर सगळं गाव उभं होतं, आणि सगळे माझ्या हातातल्या डब्याकडे बघत होते.

"तेल घातलंस?" काकांनी विचारलं.

"घातलं," मी म्हणालो.

का म्हणालो? वेळ नव्हता म्हणून, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर मला लाज वाटली. त्या बाईसमोर "विसरलो" हा शब्द तोंडातून निघेना.

काकांनी डब्यात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी पेट्रोल टाकीत ओतलं आणि दोरी खेचली.

चेनसॉ पहिल्याच खेचीला सुरू झाला. भुसा आणि चिखल एकत्रच उडू लागला. ओंडका दाबाखाली होता, चीर मिटली असती तर साखळी आतच अडकली असती. म्हणून एकजण चिरेत लाकडी पाचर ठोकत होता. पाणी धर्माच्या छातीवर आलं, मग गळ्याशी आलं.

"आये, माजा पाय हाय का गेला?" तो विचारत होता.

"हाय रं बाला, हाय! तू वर बघ!"

निम्मा ओंडका कापून झाला असेल, तेव्हा चेनसॉचा आवाज बदलला. एरवीची ती भरदार गुरगुर चढत चढत किंचाळीवर गेली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो आवाज कळला. काकांनाही कळलाच असणार. कुणाच्याही मशीनचा आवाज असा झाला असता तर त्यांनी धावत जाऊन ते बंद केलं असतं. आता मात्र त्यांनी जोर वाढवला. त्यांच्या हातांना चटके बसत होते. मी मनात म्हणत होतो, अजून थोडं, अजून थोडं. पाणी धर्माच्या हनुवटीला लागलं. त्याच्या आईने स्वतःचा गुडघा त्याच्या मानेखाली सरकवला.

मग कडकन आवाज झाला. ओंडका तुटला की चेनसॉ फुटला, कुणालाच कळेना. चार जणांनी ओंडक्याचं टोक उचललं आणि धर्माला ओढून काढलं. तो वाचला. पाय पुढे थोडा आखूड राहिला, पण पुढची बरीच वर्षं मी त्याला जाळं खांद्यावर टाकून जाताना पाहिलं.

चेनसॉ थंड झाल्यावर काकांनी दोरी ओढून पाहिली. ती बोटभरही हलली नाही. पिस्टन चिकटला होता.

त्या संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. माफी मागायची होती, पण भलतंच बोललो. "काका, साखळीवर सोडायचं तेल होतं ना मशीनमध्ये? त्यातलंच थोडं पेट्रोलमध्ये ओतलं असतं तर?"

"मग साखळी कोरडी पडली असती. कापणार कशाने?" ते म्हणाले आणि हाताला बर्फ लावत बसले.

सोमवारी साहेब आले. काकांनी बंद पडलेला चेनसॉ त्यांच्यापुढे ठेवला आणि खाडीवरची हकिगत सांगितली. साहेब जाणकार होते. त्यांनी प्लग काढून आत बॅटरी मारली आणि भुवया चढवल्या.

"हे तर तेल न घालता चालवलंय. तुमच्यासारख्या माणसाने?"

मी तिथेच, दाराशी उभा होतो.

"हो साहेब," काका म्हणाले. "गडबडीत मी विसरलो."

साहेबांनी समजुतीने मान हलवली, माणूस वाचला हे महत्त्वाचं म्हणाले, चहा घेतला आणि गेले. ते काम दुसरीकडे गेलं. काकांनी आणखी सहा वर्षं कारखान्यात काढली आणि त्याच खोकल्याने ते गेले. या सहा वर्षांत आमचं रोज बोलणं व्हायचं. त्यांनी त्या दिवसाचा विषय एकदाही काढला नाही, आणि मला तो काढायचा धीर झाला नाही. खाडीवरच्या गावातली माणसं अजून ही गोष्ट सांगतात. मोठ्या कौतुकाने सांगतात, पण शेवटी हसून म्हणतात, एवढा हुशार मिस्त्री, नि तेलच घालायला विसरला!

तेल मी विसरलो होतो.