धारवाल्याची हाळी

माझा मामा कात्र्यांना धार लावायचा. सुऱ्यांनाही लावायचा, पण नाक मुरडून. "सुरीला काय, एकच पातं. दगडावर घासली की झाली. कात्रीत पाती दोन, आणि दोघांना एकमेकांशी पटवून द्यावं लागतं," असं म्हणून तो मामीकडे बघायचा. मामी म्हणायची, "चाळीस वर्षं झाली, अजून पटलेलं नाही. धार मात्र आहे."

त्याचं दुकान शिंप्यांच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली. छत म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांचीच खालची बाजू. दारापाशी ताठ उभं राहता यायचं आणि आत जाता जाता वाकत जावं लागायचं. आत दोन माणसं शिरली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. मधोमध सहाण होती, म्हणजे लाकडी चौकटीत बसवलेलं, पायाने फिरवायचं दगडी चाक. आजोबा ती पाठीवर घेऊन गल्लोगल्ली हाळी देत हिंडले. लग्नाआधी सात-आठ वर्षं मामाही हिंडला. मग गल्लीत बावीस शिंपी आहेत म्हटल्यावर सहाण तिथेच टेकवली. आता त्या बाविसांतले तीन उरले, आणि त्यातले दोघे फक्त पँटी आखूड करतात. त्यांच्या कात्र्यांना धार नसली तरी चालतं.

आता माझ्याबद्दल. मी ऑफिसात बसून विम्याचे अर्ज तपासतो आणि घरी येऊन सुऱ्या पाजवतो. हौस. आमचा एक ग्रुप आहे फोनवर, नऊ हजार माणसांचा. चार प्रकारचे दगड, दहा प्रकारच्या सुऱ्या, त्यांचे फोटो. आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी स्वयंपाक दुसरंच कुणीतरी करतं, आम्ही फक्त धार लावतो. धार बरोबर लागली का, हे बघायला हातावरचे केस तासतो. मामाला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. "आणि ज्याच्या हाताला केस नाहीत त्याने काय करायचं? शेजाऱ्याचा हात मागायचा?"

ग्रुपचे ॲडमिन तिघं. त्यातला एक मी. तीन वर्षांपूर्वी मामाला ग्रुपमध्ये मीच घेतलं, तेव्हा हे दुखणं मीच घरात आणलं असं म्हणायला हरकत नाही.

पहिलं वर्ष मामाचं होतं. कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी विचारलं, नवी कात्री कापड चावते, काय करू. चौदा जणांनी चौदा उत्तरं दिली, सगळी पुस्तकी, सगळी चूक. मग "धारवाले" या नावाने मामाने लिहिलं, "स्क्रू काढा. पाती वेगळी करा. बाहेरचा उतार तेवढा घासा. आतल्या सपाट बाजूला दगड लावला तर कात्री मेली म्हणून समजा. परत जोडताना स्क्रू इतकाच आवळा, की एक मूठ उचलून सोडली तर निम्म्यावर येऊन थांबेल. मग ओलं पातळ कापड टोकाने कापून बघा." बाईंनी दुसऱ्या दिवशी कापलेल्या कापडाचा फोटो टाकला. लोक मामाला उस्ताद म्हणायला लागले. गल्लीत त्याला इतकी वर्षं सगळे "ए धारवाल्या" म्हणत होते. मामा फोन घेऊन घरभर फिरला. "वाच, वाच, उस्ताद लिहिलंय." मामी म्हणाली, "लग्नापासून माझ्याशी जेवढं बोलला नसेल, तेवढं या नऊ हजारांशी बोलतोय."

मग हाळी सुरू झाली. सकाळी नऊ वाजता दुकानाच्या उघड्या दाराचा फोटो आणि खाली, "धारवाला आला आहे. दुकान उघडं आहे. कात्री, सुरी, वस्तरा." रोज. फोटोही तोच, अक्षरही तेच. पहिल्यांदा लोकांनी हात जोडले, अंगठे दाखवले. महिन्याभराने फक्त दोघं-तिघं "सुप्रभात, उस्ताद" म्हणायचे. मग तेही थांबले. अति तेथे माती म्हणतात ते उगाच नाही. मामाला वाटलं, आवाज पोचत नाहीये. मग तो दुसऱ्यांच्या फोटोंखालीही लिहायला लागला. कुणी नवी सुरी दाखवली की, "छान. आमच्याकडे धार लावून मिळेल." एकाने वारलेल्या वडिलांच्या खिशातला जुना चाकू दाखवून चार ओळी लिहिल्या होत्या. वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खाली मामा हजर. "छान. आमच्याकडे धार लावून मिळेल." तेव्हा मात्र मला लाज वाटली.

आमचे दुसरे ॲडमिन दंतवैद्य. ते म्हणाले, "हे सरळ सरळ स्पॅम आहे. उस्ताद असोत नाहीतर कुणीही." हेच दंतवैद्य दर रविवारी स्वतःचे व्हिडिओ ग्रुपमध्ये टाकतात आणि वर "सदस्यांच्या माहितीसाठी" असं लिहितात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पण मामाची बाजू घ्यायला मला तोंड नव्हतं. मग आम्ही नियम केला: स्वतःच्या कामाची जाहिरात महिन्यातून एकदाच. नियमाची भाषा माझी. मामाला खासगीत पाठवला. त्याचं उत्तर आलं, "उत्तम नियम आहे. फार झालं होतं लोकांचं." दुसऱ्या दिवशी नऊ वाजता उघडं दार, कात्री, सुरी, वस्तरा.

पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी स्वतःच दुकानात गेलो. त्याने एका स्टुलावरच्या कात्र्या बाजूला करून मला बसवलं. मी म्हणालो, "मामा, ते रोज सकाळचं थोडं कमी कर ना."

"कुठलं? हाळी?"

"लोकांना जाहिरात वाटते ती."

"जाहिरात कशी? हाळी आहे ती." त्याचा पाय सहाणेवर चालूच होता. "तुझे आजोबा एकदा तापाने फणफणले. गल्लीत गेले नाहीत. दुपारपर्यंत चार बाया घरी. धारवाला आला नाही, बरं आहे ना त्याचं? एकीने तर भात आणला होता. त्यातल्या कुणाकडेच त्या दिवशी पाजवायला काही नव्हतं. हाळी काम मिळवायला नसते रे, भाच्या. मी आहे, एवढं सांगायला असते. काम मग आपोआप येतं."

आता ह्या माणसाला मी काय सांगणार? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी चहा प्यायलो आणि काही न बोलता परत आलो. तिथे बोलायला हवं होतं. तोंडावर "मामा, लोक कंटाळलेत" एवढं म्हणालो असतो तर तो दोन दिवस रुसला असता, आणि सगळं तिथेच मिटलं असतं.

दंतवैद्य त्याला काढायला निघाले होते. मी मधला मार्ग काढला, आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली. ग्रुपमध्ये एक सोय आहे. एखाद्याचं लिखाण अडवून ठेवता येतं. त्याचं त्याला दिसतं, बाकी कुणाला दिसत नाही. ॲडमिनने मंजूर केलं तरच पुढे जातं. त्या माणसाला हे कळतही नाही. मी दंतवैद्यांना म्हणालो, रोज सकाळी मी बघेन, कामाची उत्तरं सोडेन, हाळी तिथेच राहू दे. कुणाचा अपमान नको. "भाचा असावा तर असा," दंतवैद्य म्हणाले.

पाच महिने मी नेमाने बघितलं. मामाचं एखादं उत्तर सोडायचो. कुणी आभार मानले की मला बरं वाटायचं. मग ऑफिसात नवीन साहेब आले, अर्ज दुप्पट झाले आणि रोजचं बघणं आठवड्यावर गेलं. पुढे तेही राहिलं. तिकडे मामा लिहीत होता. सकाळी नऊला हाळी आणि दिवसभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं, एकाहून एक नेमकी. कुणी हूं की चूं करत नव्हतं. त्याला वाटत होतं, सगळे वाचताहेत आणि गप्प आहेत.

एका शनिवारी संध्याकाळी मी मामाच्या दुकानावरून जात होतो. फोनचा चार्जर मागच्या वेळी तिथे विसरलो होतो, तो घ्यायला थांबलो. दारात पाच खुर्च्या मांडलेल्या. शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून आणलेल्या. आत किटली आणि कागदी पेल्यांची न फोडलेली चवड. सहाण पुसून, तेल देऊन ठेवलेली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर बसला होता.

"ये. तू तरी आलास."

मला काही कळेना. मग तोच बोलत गेला. जिन्याखालची जागा आता इमारतीच्या विजेच्या मीटरांना हवी होती. सोमवारपर्यंत खाली करायची. म्हणून त्याने मंगळवारीच ग्रुपवर लिहिलं होतं की शनिवारी दुकानाचा शेवटचा दिवस, कात्री कशी पाजवतात ते ज्याला शिकायचं असेल त्याने यावं, चहा आहे. आणि ज्याला मनापासून हवी असेल त्याने सहाण घेऊन जावी, मोबदला नको, फक्त ती फिरती ठेवावी.

"सकाळी आठपासून बसलोय. म्हटलं नऊ हजारांतले पाच तर येतील. म्हणून पाचच खुर्च्या घेतल्या, उगाच हावरटपणा नको." तो हसला. "लोक कामात असतात. शनिवार म्हणजे सगळ्यांना घरची कामं."

मी खुर्च्यांकडे बघत राहिलो.

"तुला दिसलं ना रे, मी लिहिलेलं?"

"हो," मी म्हणालो. "दिसलं."

"बरं झालं. मला वाटलं, माझा फोनच बिघडला की काय." त्याने किटली हलवून बघितली. "गार झालाय. करू का गरम?"

तो गार चहा आम्ही दोघांनी प्यायला. मी म्हणालो, सहाण माझ्याकडे ठेवतो. तो म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर? बायको तुला सहाणेसकट खाली ढकलेल. आणि तू फिरवणार आहेस का? नुसती शोभेला नको." निघताना तो म्हणाला, "आता एक बघतोच. सोमवारपासून हाळी बंद. वडिलांच्या वेळी दुपारपर्यंत चार बाया आल्या होत्या. इथे आठ दिवस देतो. एकाने तरी विचारलं, धारवाला कुठे गेला, तरी पुष्कळ झालं."

सोमवारी भंगारवाल्याने सहाण नेली. मामीने फोनवर सांगितलं. लाकडी चौकट तिथेच फोडली, दगड वेगळा केला. मामा बाहेर उभा राहून फोनमध्ये बघत होता म्हणे.

मंगळवारी कुणी विचारलं नाही, बुधवारीही नाही. विचारणार कोण? त्याची हाळी सात महिने कुणी ऐकलीच नव्हती. मीच ग्रुपवर लिहावं असं चार वेळा मनात आलं, पण मामाने माझं नाव ओळखलं असतं. रविवारी, सातव्या दिवशी, मला राहवलं नाही. मी ती अडवलेली यादी उघडली. दोनशेवर हाळ्या, आणि त्यात खुपसलेली साठ-सत्तर उत्तरं, गेल्या दोन महिन्यांतली, कुणालाही न मिळालेली. त्यातच ते शनिवारचं बोलावणं. वेड्यासारखं मी ते मंजूर करून टाकलं. निदान चार माणसं हळहळतील आणि आठ दिवसांच्या आत मामाला कुणीतरी विचारेल, असं डोक्यात होतं.

विचारलं. पाच मिनिटांत, त्या कपडे शिवणाऱ्या बाईंनी. "उस्ताद, हे मला आत्ता दिसतंय! त्या शनिवारी मी तुमच्याच गल्लीत अस्तर घ्यायला आले होते. आमच्या शिवणवर्गात अकरा मुली आहेत, त्यांना शिकवायला मला सहाण हवीच होती. अजून आहे ना?"

लगेच मामाचा फोन आला.

"भाच्या, बाई म्हणतात, आत्ता दिसतंय. हे काय?"

मी सगळं सांगितलं. सोय, मधला मार्ग, दंतवैद्य, ऑफिस.

"म्हणजे मी सात महिने भिंतीला हाळी देत होतो."

"मामा, चुकलं माझं."

"आणि तू म्हणालास, दिसलं."

"खोटं बोललो."

"बरं," तो म्हणाला. "बाईंना उत्तर द्यायला हवं. ताटकळल्या असतील." आणि फोन ठेवला.

त्याने उत्तर दिलं. पण त्याच्या नावावरची अडवणूक काढायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, त्यामुळे ते माझ्याकडे आलं आहे. एकच ओळ आहे. "नाही बाई, सोमवारी मोडीत गेली." खाली दोन बटणं आहेत, मंजूर आणि नामंजूर. बाईंनी तिकडे पुन्हा विचारलं आहे, "उस्ताद, आहात ना?"