एकही ओरखडा नको

माझ्या धाकट्या बहिणीची पहिली कोच मीच. ती हे कबूल करत नाही. पण लहानपणी मी तिच्यावर रोज हात उगारायचे आणि एकही फटका तिला धड लागला नाही. चप्पल फेकली तरी ती भिंतीलाच लागायची.

त्यामुळे ती जिल्हा बॉक्सिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते वडिलांच्या अटीचं. वडील शाळेतले निवृत्त क्लार्क, परवानगीसुद्धा अटी-शर्तींसकट देणारे. "तोंडावर एकही ओरखडा दिसला, तर त्या दिवसापासून खेळ बंद. लग्नाची मुलगी आहे." वर खात्री करायला आईला आमच्याबरोबर धाडलं.

लढत काल्हेरला, एका रिकाम्या गोदामात. बाहेर ट्रकांची रांग, आत रिंग. आई सगळ्यात पुढे, मांडीवर पर्स, चेहरा तपासनिसाचा.

समोरची पोरगी हिच्यापेक्षा वीतभर उंच. तिने सुरुवातीलाच धडाधड ठोसे काढले. एक जरी नाकावर बसला असता तरी सगळं संपलं असतं. पण आमच्या बाईसाहेब जेमतेम हलत होत्या. मान जराशी डावीकडे, ठोसा कानाजवळून हवेत. कमरेत वाकली, ठोसा डोक्यावरून. दमून त्या पोरीचे हात खाली आले की ही पटकन एक ठेवून द्यायची आणि पुन्हा गायब. मला माझ्या सगळ्या वाया गेलेल्या चपला आठवल्या.

"मारत का न्हाय ही? नुसती चुकवतेय," दुसऱ्या फेरीत आई कुजबुजली.

"अंगावर गेली तर लागेल ना आई. अट विसरलीस?"

तिसऱ्या फेरीत त्या पोरीने हिला कोपऱ्यात गाठलं. लागोपाठ पाच-सहा ठोसे आले. ही दोरीला पाठ लावून सगळे चुकवत राहिली आणि त्या पोरीच्या बगलेखालून सटकली. आई पर्स टाकून उभी राहिली आणि किंचाळली, "दे तिला! दे ठेवून एक!"

पंचांनी हिचा हात वर केला. हेडगार्ड काढलं, तर चेहरा कोरा करकरीत. मी रडले, खोटं कशाला सांगू?

आईने तिथेच तिची दृष्ट काढली. गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, पण त्या भरात हात रिंगच्या खांबावर आपटला. काचेची बांगडी वाढली आणि तुकडा थेट हिच्या गालावर. लालभडक रेघ उठली.

रिक्षाने तिघी घरी आलो. दारात वडील चष्मा पुसत उभेच.

"हे काय?"

एवढे ठोसे चुकवणारी माझी बहीण जागची हलली नाही. आईच पुढे झाली.

"माझ्या बांगडीनं लागलंय. आता बोला, काय बंद करायचं हाय? तिचा खेळ, का माझ्या बांगड्या?"

वडिलांनी चष्मा चढवला, आईच्या हाताकडे पाहिलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे बहिणीला सरावासाठी हाक मारली, ती त्यांनीच.