न काढलेली परवानगी

लातुरात आमचं डाळीचं दुकान जुन्या माळवदाखाली होतं. शेजारचं घरही तसंच, सागवानी तुळयांवर माती थापलेल्या छताचं. दोघांच्या मधे भिंत एकच होती आणि त्यांच्या तुळया तिच्यावरच टेकलेल्या होत्या.

दुकान पाडून नवं बांधायचं ठरलं. आमच्याकडं पाडकाम करणारा गुत्तेदार जुनं लाकूड, लोखंड उचलतो आणि उलट मालकालाच पैसे देतो. त्यामुळं पाडायला आपण पैसे भरायचे, हेच मला पटत नव्हतं. परवानगीची फी फार नव्हती. पण तिच्यासोबत इंजिनीअरचा दाखला हवा होता आणि शेजाऱ्याच्या तुळयांना टेकू द्यायचा खर्चही होता. सगळं मिळून मला जड वाटलं. वाटलं म्हणजे, परवडत होतं, द्यायचं नव्हतं.

गुत्तेदार म्हणाला, "आप्पा, दुरुस्तीचा अर्ज टाका. मागून पाडत येतो, कोण बघून राहिलंय?"

मी तसाच अर्ज टाकला. शेजाऱ्यानं मात्र विचारलं, "आप्पा, आतली खोली रिकामी करू का?"

"काही गरज नाही. सगळी परवानगी काढलीय," मी म्हणालो.

पाडकाम सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी दुपारी मधली भिंत फुगली आणि त्यांचं अर्धं माळवद खाली आलं. शेजाऱ्याची बायको, आमच्या वहिनी, अंगणात होत्या म्हणून वाचल्या. महापालिकेची माणसं आली. भिंत कशानं पडली, असं त्यांनी विचारताच माझ्या तोंडून निघालं, "पलीकडं यांची न्हाणी आहे. वर्षानुवर्षं पाणी मुरलं असणार."

सगळ्यांनी वहिनींकडं पाहिलं. शेजाऱ्यानंही.

उरलेलं घर धोकादायक ठरलं. ते पाडायची रीतसर परवानगी शेजाऱ्यानं काढली. फी, दाखला, सगळं भरून. मी चुकवलेला खर्च त्यानं केला. मग दोघं मुलाकडं नांदेडला गेली.

यंदा मी नांदेडला त्यांच्या घरी गेलो. दोघांसमोर सगळं सांगितलं. नुकसानभरपाई देतो म्हणालो.

वहिनी पुढं सरकून बसल्या. "म्हंजी न्हाणीच्या पाण्यानं न्हाई पडली?"

"नाही, वहिनी."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. त्या नवऱ्याकडं वळल्या. "ऐकलं का? लई बोलला होतात. घर बुडवलं म्हणला होतात मला."

"हाव," शेजारी एवढंच म्हणाला.

"इथं बी मी धुणं काढलं की सून नळ बंद करती, भावजी. हसत हसत म्हणती, सासूबाई, हे तरी घर राहू द्या. नातवंडं बी तेच म्हणून राहिलीत."

मला उठायचं होतं. परतीची एसटी होती.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "सून कामावरून येईस्तोवर बसा. तिला तुमच्याच तोंडानं सांगा. मी सांगितलं तर तिला खोटं वाटंल."

चहा आला नाही, मी मागितलाही नाही. दिवे लागले तेव्हा सून आली. पायातली चप्पलही तिनं काढली नव्हती. मी उभा राहिलो आणि भिंतीपासून सांगायला सुरुवात केली.