आप्पांच्या जीपचं दार

तवा शिक्रापूरला हायवेकडंला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हंजी चार पत्रं आन् मी. वडगाव रासाईच्या एका आप्पांची जीप क्लचच्या कामाला आलती. दुसऱ्या दिवशी त्याच जीपनं त्यांची लेक सासरी जायची होती. म्हणून कुणी सांगितलं नसताना मी गाडी धुऊन पॉलिश मारलं. दारात तोंड दिसाया लागलं. माझंच दिसलं, तरी घासत ऱ्हायलो!

तेवढ्यात माझा बाप निमोण्यावनं बाजाराचा एडका घेऊन आला. "सावलीला बांध रं, च्या पिऊन येतो."

बांधला. कुठं? जीपच्या सावलीला. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं वळणाऱ्या घरातला मी! समोर दुसरा एडका दिसला की हा काय करतो, हे मला शाळेत न जाता म्हाईत. पण त्याला तो दुसरा एडका दारात दिसंल, हे डोक्यात आलं न्हाई. धाडकन आवाज झाला. पळत गेलो तर गडी दुसऱ्या धडकंसाठी मागं सरत होता.

बापानं येऊन दार बघितलं आन् म्हणाला, "एडक्याला लागलं का रं?"

आप्पा दुपारनं यायचे होते. मला बूड टेकवंना. एसटी थांबली की उठून रस्त्याकडं बघायचो. पोचा आलेली बाजू पत्र्याकडं केली, परत वळवली. वडगावच्या गाड्या आप्पांच्या शब्दावर माझ्याकडं यायच्या. ते फिरले म्हंजी पत्रं इकूनच घरी जायचं.

आप्पा आले. म्हणलं, "आप्पा, हे आधीचंच दिसतंय."

त्यांनी पोच्यात बोट फिरवलं. लोकर निघाली. "ही बी आधीचीच व्हय? गाडी कुणाच्या ताब्यात होती?"

"माझ्या."

"मग दार काढ. नीट करून घरी आणून दे."

"आन् उद्या?"

"बिनदाराची जाईल. दार न्हाई म्हणलं तर उघड्या जीपची हौस दिसती. पोचा काय सांगू व्याह्यांना?"

पुढल्या आठवड्यात दार काखंत मारून एसटीत चढलो. कंडक्टर म्हणला, "मामा, बाकीची जीप मागच्या गाडीनं येती का?" सारी एसटी हसली.

आप्पांनी दार उन्हाला धरलं, एक डोळा मिटला, तळवा फिरवत ऱ्हायले. मी उभाच. शेवटी म्हणले, "बसव."

मी बोल्ट आवळाया लागलो.

"भावाच्या ट्रॅक्टरचा क्लच गेलाय," आप्पा म्हणले. "पण तू हितं येऊन करायचा. ट्रॅक्टर तिकडं येणार न्हाई."